कात्री लावण्याआधीचे पाच प्रश्न



या वेळचा पाठ आहे कापडी पिशवीवर. तुम्ही म्हणाल, पिशवीत शिकायचं काय? सरळ दोन शिलाया मारल्या की झाली पिशवी! मलाही तसंच वाटायचं. पण मागे एका गटाच्या बैठकीला बसले होते, तिथे जे घडलं त्यावरून हा पाठ सुचला.

गटाला पाचशे पिशव्यांची ऑर्डर आली होती. आनंदाची गोष्ट. व्यापाऱ्याने नमुना म्हणून एक हिरवी पिशवी पाठवली होती आणि निरोप दिला होता, "अशाच द्या, पस्तीस रुपयाला. वर 'पर्यावरणपूरक कापडी पिशवी' असं छापा." पिशवी हातात फिरली. तेवढ्यात गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "अगं, याला धागाच नाही!"

आजींचं बरोबर होतं. खऱ्या कापडात उभा-आडवा धागा असतो, कडेचा एक धागा ओढला की निघून येतो. या पिशवीवर नुसते दाबलेले ठिपके होते. याला नॉन-वोव्हन म्हणतात. दिसायला कापड, पण असतं प्लास्टिकच. खात्री करायची तर छोटा तुकडा चिमट्यात धरून, मोकळ्या जागेत, पाण्याची वाटी जवळ ठेवून पेटवून बघा. सुती कापड कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. प्लास्टिक वितळतं, थेंब पडतो, आणि गार झाल्यावर त्याची कडक गाठ होते.

आपल्या राज्यात मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. केंद्राच्या नियमानुसार 60 जीएसएमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्या 30 सप्टेंबर 2021 पासून देशभर बंद आहेत. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पण कायदा बाजूला ठेवा. प्लास्टिकवर 'कापडी' असं छापून विकणं म्हणजे आपल्यावर विश्वास ठेवून घेणाऱ्या बाईला फसवणंच.

गटाने तिथेच ठरवलं, शिवायची तर सुतीच. मग हिशेब मांडला. एका पिशवीला कापड 30 रुपये, दोरा-वीज-ने-आण 3, शिवणारीची मजुरी 10, गटाचा वाटा 2. झाले 45. व्यापारी देणार 35. दहा रुपये आणायचे कुठून?

कोणी म्हणालं, कापड पातळ घेऊ. कोणी म्हणालं, दुहेरी शिलाईऐवजी एकेरी मारू. कोणी म्हणालं, मजुरी कमी करू, नाहीतरी घरीच बसून शिवायचं आहे. इथेच या पाठाचं मुख्य सूत्र आहे, लक्षात ठेवा:

वस्तू स्वस्त केली म्हणून तिची किंमत नाहीशी होत नाही, ती दुसरं कोणीतरी भरतं.

कापड पातळ घेतलं तर गिऱ्हाईक भरतं, कारण पिशवी भर बाजारात फाटते. मजुरी कापली तर आपलीच मैत्रीण भरते, पाठ मोडून. प्लास्टिक वापरलं तर उकिरड्यावर चरणारी गाय भरते. किंमत कोणी भरायची, हे आपण कात्री लावण्याआधीच ठरवत असतो. वस्तूची रचना म्हणतात ती हीच.

आता कोणी म्हणेल, सुती आहे ना, मग झालं काम. तसंही नाही. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, कापड विणायला वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निघालं, की हवामानाच्या दृष्टीने एकदाच वापरायच्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची, तर सुती पिशवी निदान 131 वेळा वापरावी लागते. दर आठवडी बाजाराला एकदा धरलं तर अडीच वर्षं! म्हणजे सहा महिन्यांत फाटणारी सुती पिशवी पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही. टिकाऊपणा हाच तिचा धर्म.

म्हणून कोणतीही वस्तू करायला घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

1. वापरणारीला विचारलं का? बंद खांद्यावर अडकवायचे की हातात धरायचे? घडी छोटी होते का? घरी विसरली जाणारी पिशवी कितीही चांगली असली तरी उपयोगाची नाही.

2. टिकेल का? पिशवी पहिल्यांदा बंदाच्या जोडापाशी उसवते. तिथे चौकोन आणि आत फुलीची शिलाई घाला. पाच किलो ज्वारी भरून रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. सकाळी जोड बघा.

3. वाया किती जातं? कापडाचा पन्हा 36 इंच असेल आणि पिशवीची एक बाजू 17 इंच कापली, तर दोन इंचाची चिंधी उरते आणि बंदांना वेगळं कापड लागतं. तीच बाजू 15 इंच कापली, तर सहा इंचाची पट्टी उरते. तिच्यातच दोन बंद निघतात.

4. शिवणारीला काय मिळतं? एका तासात किती पिशव्या होतात ते घड्याळ लावून मोजा आणि मग दर ठरवा. घरी बसून केलं तरी काम ते कामच.

5. जे छापलं ते खरं आहे का? जुन्या साडीची पिशवी असेल तर तसंच लिहा. साडी पॉलिस्टरची असेल तर 'सुती' लिहू नका.

त्या गटाचं पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नाने चार रुपये वाचले, पिशवी 41 वर आली. मजुरीला हात लावला नाही. व्यापाऱ्याला ज्वारी भरलेली पिशवी टांगून दाखवली. तो पाचशे घ्यायला तयार झाला नाही, 41 रुपये दराने दोनशेच घेतल्या. नुकसान झालं का? तीनशे पिशव्यांचं काम गेलं, हे खरंच आहे, आणि काही जणी नाराजही झाल्या. त्यांची नाराजी खोटी नव्हती, घरात पैशाची गरज होती. मग गटाने जुन्या साड्यांच्या पिशव्या आठवडी बाजारात स्वतः विकायला सुरुवात केली. कापडाचा खर्च जवळजवळ नाही, त्यामुळे त्या स्वस्त पडतात आणि मजुरीही सुटते.

खरेपणाने चाललं की लगेच फायदा होतो, असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाजारात आपल्याला दर आठवड्याला बसायचं आहे, तिथे आपली पिशवी आपल्याआधी बोलते.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी: आपल्या गटाची एक वस्तू, पापड, मसाला, गोधडी, काहीही, मध्ये ठेवा. पाचही प्रश्न एकेकीने मोठ्याने वाचा. शेवटी विचारा, या वस्तूची किंमत आपल्याशिवाय आणखी कोण भरतंय? उत्तर इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा.