फवारणी पंपांच्या चाचण्या व दुरुस्त्या : नोंदीचे तक्ते कसे आखावेत?

हंगामाच्या तोंडावर गावोगावच्या अवजारे बँकांतील व शेतकरी गटांतील फवारणी पंप दुरुस्तीला जातात. वॉशर, नोझल बदलून ते परत येतात. मात्र कोणता पंप कोणत्या दोषासाठी गेला होता आणि परत आल्यावर तो दोष खरोखर गेला का, याचे उत्तर बहुधा वहीत सापडत नाही.

नोंदीतील ही उणीव महागात पडते. समजा, नव्या नोझलमधून मिनिटाला ६०० मि.लि. पाणी पडते आणि झिजलेल्या नोझलमधून ६९० मि.लि. चालण्याचा वेग तोच असेल, तर औषध १५ टक्के जास्त पडते. तणनाशकाच्या बाबतीत एवढ्यानेही पिकाला इजा होऊ शकते. गळका पंप तर माणसाच्या जिवावर बेततो, कारण औषध पाठीवर व हातावर झिरपते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. परंतु गळका पंप कामावर जाऊ न देणे हे तरी आपल्या हाती आहे.

एकच मोठा तक्ता का नको?

सर्वसाधारणपणे एका पंपासाठी एक ओळ आखून पुढे ‘चाचणी १, दुरुस्ती १, चाचणी २, दुरुस्ती २’ असे रकाने पाडले जातात. तिसऱ्या दुरुस्तीला रकाना उरत नाही. मग जुनी नोंद खोडून तेथे नवी लिहिली जाते आणि पंपाचा इतिहास पुसला जातो.

यावर उपाय म्हणजे रिलेशनल डेटाबेसची पद्धत. आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी ती १९७० मध्ये मांडली. तिचे सार सोपे आहे. एका प्रकारच्या गोष्टीसाठी एक तक्ता ठेवावा, प्रत्येक ओळीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तक्ते एकमेकांना त्या क्रमांकांनी जोडावेत. ओळीच्या या क्रमांकाला ‘प्रायमरी की’ म्हणतात. तोच क्रमांक दुसऱ्या तक्त्यात संदर्भासाठी लिहिला की त्याला ‘फॉरिन की’ म्हणतात.

चार तक्ते

१) पंप : पंप क्रमांक, प्रकार, खरेदीची तारीख, स्थिती (चालू किंवा बाद). क्रमांक टाकीवर रंगाने लिहावा. पंप बाद झाला तरी ओळ खोडू नये व तो क्रमांक दुसऱ्या पंपाला देऊ नये.

२) चाचणी : चाचणी क्रमांक, पंप क्रमांक, तारीख, चाचणीचा प्रकार, मोजमाप, त्याच प्रकारच्या नव्या नोझलचे मोजमाप, निकाल, कोणत्या दुरुस्तीनंतर.

३) दुरुस्ती : दुरुस्ती क्रमांक, कोणत्या चाचणीवरून, तारीख, केलेले काम, मजुरी.

४) सुटे भाग : दुरुस्ती क्रमांक, भागाचे नाव, नग, दर. एका दुरुस्तीत तीन भाग लागले तर येथे तीन ओळी होतील.

दुरुस्तीच्या तक्त्यात पंप क्रमांक मुद्दाम ठेवलेला नाही. चाचणी क्रमांक माहीत असला की पंप कोणता हे चाचणीच्या तक्त्यातून कळते. तीच माहिती दोन ठिकाणी लिहिली तर एखाद्या दिवशी एकीकडे ७ आणि दुसरीकडे १७ असे पडते आणि खरे कोणते हे ठरवता येत नाही.

नोंद कशी होते?

पंप स्वच्छ धुवून, हातमोजे घालून, साध्या पाण्यावर चाचणी घ्यावी. नेहमीच्या दाबाने एक मिनिट पडणारे पाणी मापात धरावे. असे तीनदा करून सरासरी काढावी. नव्या नोझलपेक्षा प्रवाह १० टक्क्यांहून जास्त भरला तर नोझल बदलावे. गळतीसाठी टाकीचे झाकण, रबरी नळीचे सांधे, ट्रिगर व नोझल तपासून गळणाऱ्या जागांची संख्या लिहावी. वरील उदाहरणातील पंपाच्या नोंदी अशा होतील :

- चाचणी ४१ : पंप ७, ५ जून, प्रवाह ६९० मि.लि., नवे नोझल ६०० मि.लि., नापास.
- दुरुस्ती १८ : चाचणी ४१ वरून, ७ जून, नोझल बदलले.
- चाचणी ४४ : पंप ७, ८ जून, प्रवाह ६०५ मि.लि., नवे नोझल ६०० मि.लि., पास, दुरुस्ती १८ नंतर.

मेस्त्रीने ‘झाले’ म्हटल्याने दुरुस्ती पूर्ण होत नाही. फेरचाचणी पास झाली की ती पूर्ण होते. म्हणून ज्या नापास चाचणीपुढे दुरुस्ती आणि पास फेरचाचणी अशी साखळी जुळत नाही, त्या पंपांची यादी दर आठवड्याला काढावी. यादीतील पंप कोणालाही भाड्याने देऊ नये.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

- नुसते ‘ठीक’ असे लिहू नये, आकडा लिहावा.
- प्रवाह नेहमी मि.लि. मध्येच नोंदवावा. तारखेत वर्ष पूर्ण लिहावे.
- पंप अचानक बंद पडला तरी आधी तपासणी करून ती चाचणी म्हणून नोंदवावी, मगच दुरुस्ती लिहावी.
- एकाच पंपात दोन दोष आढळले तर दोन चाचण्या व दोन दुरुस्त्या नोंदवाव्यात.

हे तक्ते चार वह्यांतही ठेवता येतात. संगणक असल्यास लिब्रेऑफिस बेस हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम वापरावा. तक्त्यांमधील संबंध त्यात ठरवून दिले, की नसलेल्या पंपाच्या क्रमांकावर चाचणी नोंदवू गेल्यास संगणक ती स्वीकारत नाही.

वर्षाअखेर याच तक्त्यांवरून कोणत्या पंपावर किती खर्च झाला, कोणता भाग जास्त लागला आणि कोणता पंप बाद करणे परवडेल हे समजते. तेव्हा येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गटाने आपल्या सर्व पंपांना क्रमांक देऊन पहिली चाचणी नोंदवून घ्यावी.