निम्मे-निम्मे करण्याआधी

वाळूजच्या छोट्या कारखान्यांत सीएनसी मशीन किती वेळ चाललं, का थांबलं, हे मालकाला मोबाइलवर दाखवायचं, असा आमचा धंदा. जोडीला कॉलेजातला मित्र. कोडिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शेअर निम्मे-निम्मे. सीएने करारनाम्याचा विषय काढला, तेव्हा ‘मैत्रीत कसले कागद?’ म्हणत आम्ही तो हसण्यावारी नेला.

बिनसलं ते पैशावरून नाही. मशीन थांबलं की ऑपरेटरने कारण निवडावं, म्हणून मित्राने पडद्यावर १२ बटणं दिली होती. नाइट शिफ्टला उभं राहून पाहिलं, तर कूलंटने माखलेल्या हाताने गडी दर वेळी पहिलंच बटण दाबून मोकळा. रिपोर्टभर नुसतं ‘टूल बदलला’. मी म्हटलं, तीनच बटणं ठेव. तो म्हणाला, “अरे, त्यांना ट्रेनिंग द्या ना!” शॉपवर यायला मात्र तयार नाही.

पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली. गेला, घरी कर्ज होतं, त्याचा राग नाही. पण निम्मे शेअर त्याच्याच नावावर राहिले, आणि कोड अन् सर्व्हरचं खातं त्याच्या ईमेलवर. कंपनी कायद्यात साध्या ठरावालाही विरोधापेक्षा जास्त मतं लागतात. निम्म्या-निम्म्यात एक अडून बसला की सगळं ठप्प. एका गुंतवणूकदाराने शेअरधारकांची यादी पाहूनच फाइल मिटली.

जमलेल्या भागीदारीसाठी क्विक हीलच्या काटकर बंधूंचं उदाहरण लोक देतात. थोरले कैलास दुरुस्तीच्या धंद्यातून आलेले, धाकट्या संजयने अँटिव्हायरस लिहिला. २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. सख्खे भाऊ म्हणून जमलं, असं म्हणतात. पण बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ मराठवाड्यात काय कमी आहेत? मला काटकरांच्या जोडीत दिसते ती कामाची वाटणी.

तेव्हा कंपनी काढण्याआधी दोघांनी मिळून एखादं लहान काम पैसे घेऊन करा. बिल अडकलं की पार्टीच्या दारात कोण जातं आणि फोन कोण बंद ठेवतं, ते बघा. शेअर एकदम देऊ नका. साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क पक्का व्हावा; पहिल्या वर्षात सोडून गेल्यास काहीच नाही. कोडचे हक्क कंपनीच्या नावे लेखी करून घ्या, कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हे हक्क तोंडी बोलीवर दुसऱ्याच्या नावे होत नाहीत. डोमेन आणि सर्व्हरची खाती कंपनीच्या ईमेलवरच काढा.

आपल्या शहरात सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ‘मॅजिक’ इन्क्युबेशन केंद्र आहे. हे विषय तिथल्या जाणत्यांपुढे मांडा. मग दोघं मिळून सीएकडे जा आणि नोकरी, लग्न, आजारपण यांतलं काही आलं तर शेअरचं काय करायचं, ते त्यांच्यासमोरच लिहून सह्या करा.