पिस्तुलावरचा लाल ठिपका

प्रश्न : आम्ही तंजावरकडचे मराठी. घर तिरुभुवनम्ला, आणि इथल्याच एका रेशमी साड्यांच्या पेढीवर मी हिशेब बघतो. आमच्या मुदलाळींकडे, म्हणजे पेढीच्या मालकांकडे, परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे. त्यांनी साठी ओलांडली, नजरही पूर्वीची राहिली नाही. त्यांचा मुलगा म्हणतो, ‘अप्पा, लेझर बसवून घ्या, लाल ठिपका पडेल तिथे गोळी लागते.’ माझी नात मात्र चेन्नईला कॉलेजात एअर पिस्तूल शिकते, आणि तिचे सर लेझरचे नाव काढू देत नाहीत. एकाला जे हवे, तेच दुसऱ्याला वर्ज्य, हे कसे? लेझरने नेम सुधारतो की बिघडतो?
– एक वाचक, तिरुभुवनम् (कुंभकोणम्)

उत्तर : नातीच्या सरांचे बरोबर आहे. मुदलाळींच्या मुलाचे अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. लेझर एवढेच सांगतो, की या क्षणी नळी कुठे रोखलेली आहे. चाप ओढताना ती तिथेच ठेवणे हे हाताचे काम, आणि त्यात लेझरची काडीची मदत होत नाही. हातातल्या छोट्या शस्त्राचे बहुतेक नेम या दुसऱ्या कामातच चुकतात.

आधी लेझरच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू पोकळ नाही. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक खाच असते आणि पुढच्या टोकाला माशी. माशी खाचेत मधोमध, दोघींचे माथे एका रेषेत, आणि पुढे लक्ष्य, असा हा जुना हिशेब. छोट्या रिव्हॉल्व्हरवर खाच आणि माशी यांच्यात साधारण १० सेंटिमीटर अंतर धरा. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. बंदुकीवर हे अंतर कितीतरी जास्त असते, म्हणून तीच चूक तिथे थोडक्यात निभावते. त्यात डोळ्याची अडचण आणखी. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर, आणि डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते. म्हणून प्रत्येक प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून बजावतो : माशी लख्ख दिसू दे, लक्ष्य पुसट दिसले तरी चालेल.

चाळिशी उलटली की डोळ्याचे भिंग कडक होत जाते आणि हातभर अंतरावरची माशीच धूसर होते. मुदलाळींची अडचण नेमकी ही आहे.   लेझर ही अडचण एका फटक्यात दूर करतो. खाच नको, माशी नको. ठिपका लक्ष्यावरच पडतो, आणि तिथपर्यंत म्हाताऱ्या डोळ्यालाही स्वच्छ दिसते. अंधार असेल, माणूस खाली पडलेला असेल, शस्त्र डोळ्यासमोर धरणे शक्य नसेल, तेव्हाही ठिपका कामाला येतो. पोलिसी आणि लष्करी वापरात लेझरला जागा मिळाली ती याच गुणांमुळे.

लोकांच्या डोक्यात लेझर बसला तो मात्र सिनेमामुळे. १९८४च्या ‘द टर्मिनेटर’मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या हातातल्या लांब पिस्तुलावर नळकांड्याएवढा लेझर होता. तो हेलियम-निऑन वायूच्या नळीचा, चालायला मोठा विद्युतदाब लागायचा. पिस्तुलात तेवढी वीज मावणार कुठे? म्हणून वायर त्याच्या बाहीतून आत नेली होती आणि बॅटरी कपड्यांत लपवली होती. पुढे अर्धवाहक डायोड स्वस्त झाले आणि तेच यंत्र अंगठ्याएवढे होऊन पिस्तुलाच्या मुठीत किंवा नळीखाली बसू लागले. लाल किरणाची तरंगलांबी साधारण ६३५ ते ६५० नॅनोमीटर असते, हिरव्याची ५२० ते ५३२. माणसाचा डोळा दिवसाउजेडी ५५५च्या आसपास सर्वांत तेज असतो. त्यामुळे तेवढ्याच ताकदीचा ५३२चा हिरवा ठिपका ६५०च्या लाल ठिपक्यापेक्षा सुमारे आठपट उजळ दिसतो. जुन्या धर्तीचा हिरवा लेझर मात्र बॅटरी जास्त खातो आणि उष्णता-थंडीला नाजूक असतो.

आता मुलाच्या वाक्याचा उरलेला अर्धा. ‘ठिपका पडेल तिथे गोळी’ हे एकाच अंतरावर खरे असते. लेझर नळीच्या आत नसतो, तिच्या खाली किंवा बाजूला असतो. तो नळीखाली ५ सेंटिमीटरवर बसवला आणि १० मीटरवर गोळीशी जुळवून घेतला असे समजा. मग ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या अडीच सेंटिमीटर वर लागेल, आणि २० मीटरवर ५ सेंटिमीटर खाली. गुरुत्वाकर्षणाने गोळी खाली येते ते निराळे. खोलीभर अंतरात हा फरक किरकोळ आहे, हे कबूल. पण लेझर जुळवून झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. प्रत्येक बाराला बसणाऱ्या हिसक्याने वरून आवळलेले यंत्र केसभर सरकते, आणि केसभर सरकलेला किरण खोटे बोलतो. तेही ठामपणे, कारण ठिपका पूर्वीइतकाच लख्ख दिसत असतो. माशी वाकली तर दिसते. लेझर सरकलेला दिसत नाही. मला हा दोष सर्वांत गंभीर वाटतो.

उन्हाचे तर विचारूच नका. तुमच्याकडच्या भर दुपारी, पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर, लाल ठिपका काही पावलांवरच हरवतो. मग माणूस ठिपका शोधत बसतो आणि खाच-माशी विसरतो. बॅटरी संपली की तीच गत. धुरात-धुळीत किरणाची रेघ दिसते, ती दोन्ही बाजूंनी. ठिपका कुठे पडला हे तुम्हाला कळते, तसे तो कुठून आला हे समोरच्यालाही कळते.

तरीही खरा घात करतो तो हाताचा कंप. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने तुमच्या गावात बांधलेल्या कंपहरेश्वराच्या देवळाची कथा तुम्हाला ठाऊकच आहे : एका राजाच्या अंगातला कंप तिथे निमाला म्हणतात. नेमबाजाच्या हातातला कंप मात्र जगज्जेत्यालाही पूर्ण घालवता येत नाही. श्वास चालू असतो, नाडी चालू असते, स्नायू थरथरतात. खाच-माशीतून बघताना ही थरथर बारीक दिसते, आणि तिच्यासकट हळूहळू चाप दाबत राहायचे असते. लेझर मात्र तीच थरथर भिंतीवर मोठी करून दाखवतो. ठिपका नाचताना पाहून शिकाऊ माणूस घाबरतो, तो स्थिर होण्याची वाट बघतो, आणि मध्यावर आला रे आला की चाप खसकन ओढतो. त्या खसक्यात नळी हलते आणि नेम जातो. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप अनेकदा ४-५ किलोचा असतो. तो खसकन ओढला तर काय होणार ते सांगायला नको. ठिपका बरोबर जागी होता आणि गोळी भलतीकडे गेली, याचे कारण हे.

आता तुमच्या नातीकडे येऊ. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी खाच-माशी चालते. दुर्बीण, आरसा, लेझर, काचेत दिसणारा विजेचा ठिपका, सगळे वर्ज्य. चष्म्याला मात्र परवानगी आहे. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर मधले काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचे आणि दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते. साधारण लेझरचा ठिपका १० मीटरवर पसरून जवळजवळ सेंटिमीटरभर होतो, म्हणजे दहाचे वर्तुळ तोच झाकून टाकील. शिवाय तिच्या पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असला पाहिजे, असा नियम आहे. हा सगळा खेळ त्या ५०० ग्रॅमचा आहे, आणि तो बोटाने शिकायचा असतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबतचे उदाहरण नातीला जरूर सांगा. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत थायलंडच्या नफस्वान यांगपायबूनशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, आणि एकदा नव्हे, दोनदा शूट-ऑफ खेळावा लागला. या प्रकारातल्या जलद फेरीत हात ४५ अंशांत खाली ठेवून उभे राहायचे असते. लक्ष्य खुले झाले की तीन सेकंदांत हात वर, माशी खाचेत, बार, आणि हात पुन्हा खाली. लेझरचे समर्थक घाईच्या प्रसंगाचा दाखला देतात. इथे प्रत्येक बार घाईचाच असतो. ते तीन सेकंद राहीने साध्या खाच-माशीवर जिंकले. असे हात महाराष्ट्राच्या मातीत घडले याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

लेझर ऑलिम्पिकमध्ये आला तो दुसऱ्या वाटेने. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकपासून आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये छर्ऱ्याच्या एअर पिस्तुलाऐवजी लेझर पिस्तूल वापरतात. तिथे लेझर नेम दाखवत नाही, तो छर्ऱ्याची जागा घेतो : चाप ओढल्यावरच किरण निघतो आणि लक्ष्यावरचे यंत्र तो टिपते. नेम तिथेही उघड्या खाच-माशीनेच धरायचा. शिसे नाही, छर्रा उडण्याची भीती नाही, म्हणून तो खेळ गर्दीच्या मैदानात घेता येतो.

सरावात लेझरचा एक उपयोग मला पूर्णपणे मान्य आहे, आणि नातीच्या सरांनाही तो मान्य होईल असे वाटते. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, कोऱ्या भिंतीकडे रोखून, छर्ऱ्याविना चाप ओढायचा. बहुतेक स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत अशा कोरड्या सरावाची सोय असते. नळीला किरणाचे यंत्र लावले की चाप सुटताना ठिपका कसा उडतो ते प्रशिक्षकाला दिसते. उजव्या हाताच्या शिकाऊ नेमबाजाचा ठिपका बहुधा खाली-डावीकडे उडी मारतो, म्हणजे बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते आहे. हा आजार डोळ्यांनी दिसला की लवकर बरा होतो. मोठ्या केंद्रांवर यासाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असतात. नळीचा सगळा प्रवास त्या पडद्यावर रेघेने काढून दाखवतात. पथ्य एकच : ठिपका प्रशिक्षकाने बघायचा, किंवा नेमबाजाने बार झाल्यावर. नेम धरताना नेमबाजाची नजर माशीवरच हवी.

मुदलाळींसाठी दोन गोष्टी. .३२चे देशी रिव्हॉल्व्हर बहुधा जुन्या वेब्ली घडणीचे असते, त्यावर लेझर अडकवायची पट्टी नसते. वरून आवळायचे स्वस्त यंत्र मिळेल, पण ते सरकण्याचा धोका वर सांगितलाच. भोके पाडून ते बसवायला कोणी तयार झाला तर शस्त्र त्याच्या हाती देऊ नका. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५प्रमाणे अग्निशस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. जो काही बदल करायचा, तो परवानाधारक कारागिराकडून, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी लेखी विचारून. दुसरी गोष्ट मुलासाठी. ठिपका अंगावर पडला की समोरचा घाबरून पळेल, या भरवशावर शस्त्र बाहेर काढणे फार घातक आहे. समोरचा पळेलच असे नाही, आणि पेढीत गिऱ्हाइके असतात, मुलेबाळे असतात. लेझर डोळ्यात गेला तर इजा होऊ शकते, ती वेगळीच.

माझा सल्ला असा. मुदलाळींनी आधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि हात लांब केल्यावर माशी जिथे येते तेवढ्या अंतरासाठी चष्म्याचा नंबर काढून घ्यावा. स्पर्धेतले वयस्क नेमबाज हेच करतात. मग मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये शिक्षकासमोर नियमित सराव करावा. तो जमणार नसेल, तर रिव्हॉल्व्हर कुलपात ठेवावे आणि पेढीची रोकड सांभाळायला चांगली तिजोरी, कॅमेरा आणि पहारेकरी यांवर खर्च करावा. लेझरपेक्षा तो पैसा नक्कीच जास्त उपयोगी पडेल. आणि नातीला सांगा, सरांचे ऐक.