स्वाध्याय आणि भ्रमंती : चित्रकार व्हॅन गॉग

‘स्वयंशिक्षित’ हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. परंतु ज्याला कोणी शिकविले नाही आणि तरीही सारे आपोआप आले तो स्वयंशिक्षित, असा समज त्यातून रूढ होतो. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–१८९०) यांचा जीवनक्रम पाहिला की हा समज किती अपुरा आहे हे ध्यानात येते.

चित्रकार होण्याचा निश्चय त्यांनी १८८० साली, वयाच्या २७व्या वर्षी केला. तोवर चित्रविक्रीच्या पेढीतील नोकरी सुटली होती, इंग्लंडमधील शिक्षकी अल्पावधीत संपली होती, धर्मशास्त्राचा अभ्यास अर्धवट राहिला होता. बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या प्रदेशातील धर्मप्रचारकाची नेमणूकही पुढे चालू राहिली नाही. त्याच खाणकामगारांमध्ये राहून त्यांनी रेखाटनास आरंभ केला. शार्ल बार्ग यांच्या पाठमालेतील कोळशाने काढावयाच्या आकृतींचे ६० तक्ते त्यांनी उतरवून काढले व पुढे तोच अभ्यास पुन्हा केला. शेतकऱ्यांचे जीवन रंगविणारे फ्रेंच चित्रकार मिले यांच्या चित्रांच्या छापील प्रतीही ते समोर ठेवीत.

यानंतर प्रत्येक मुक्कामाने एकेक धडा दिला. हेग येथे नात्यातील चित्रकार अँटन मॉव यांनी त्यांना जलरंग व तैलरंग हाताळावयास शिकविले. जवळच्या-दूरच्या वस्तूंचे प्रमाण साधावे म्हणून त्यांनी दोऱ्या ताणलेली एक चौकट करवून घेतली व तिच्यातून पाहून ते रेखाटू लागले. न्यूनेन या खेड्यात एका हिवाळ्यात त्यांनी शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे सुमारे ४० अभ्यास रंगविले. तेव्हा कोठे १८८५ साली ‘बटाटे खाणारे’ हे मातकट, काळपट रंगांतील चित्र सिद्ध झाले.

अँटवर्पच्या कला-अकादमीत ते काही आठवडेच राहिले. १८८६ साली ते पॅरिसला धाकटे बंधू थिओ यांच्याकडे आले आणि तेथे नव्या चित्रकारांची उजळ रंगांतील चित्रे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी खुलतो हे पाहण्यासाठी ते रंगीत लोकरीचे धागे एकत्र गुंडाळून ठेवीत. समोर बसणाऱ्यास द्यावयास पैसे नसत, म्हणून आरशात पाहून स्वतःचाच चेहरा रंगवीत. जपानी चित्रकार हिरोशिगे यांच्या ठसेचित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती त्यांनी १८८७ मध्ये केल्या.

जपानला जाणे त्यांना कधीच घडले नाही. तेथील उजेड आपल्याला दक्षिण फ्रान्समध्ये सापडेल या आशेने १८८८ च्या फेब्रुवारीत ते आर्ल या गावी गेले. सूर्यफुलांची प्रसिद्ध चित्रे तेथलीच. त्याच वर्षी, बुद्धाची उपासना करणारा एक साधा जपानी भिक्खू या कल्पनेने त्यांनी आपले आत्मचित्र रंगविले व चित्रकार गोगँ यांना भेट दिले.

पुढे मानसिक आजार बळावला आणि १८८९ मध्ये ते सेंट-रेमी येथील रुग्णालयात दाखल झाले. तेथेही अभ्यास थांबला नाही. ज्या मिले यांची चित्रे गिरवून आरंभ केला होता, त्यांच्याच चित्रांच्या कृष्णधवल प्रती पुन्हा समोर घेतल्या. मात्र या वेळी त्यांत रंग भरले ते सर्वस्वी स्वतःचे. एकच पाठ नऊ वर्षांच्या अंतराने गिरविताना विद्यार्थी कोठवर पोहोचला, याचा याहून बोलका पुरावा सापडणार नाही. १८९० च्या जुलैत, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. चित्रकलेसाठी मिळालेल्या दहा वर्षांत ८०० हून अधिक रंगचित्रे त्यांच्या हातून झाली.

या दहा वर्षांत त्यांच्या निर्वाहाचा व रंगसाहित्याचा भार प्रामुख्याने थिओ यांनी वाहिला. थिओही १८९१ च्या जानेवारीत गेले. त्यांच्या पत्नी योहाना यांनी चित्रे व पत्रे जपली आणि १८९४ नव्हे, तर तब्बल दोन तपांनंतर, १९१४ साली, ती पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

म्हणून स्वयंशिक्षित म्हणजे एकाकी नव्हे. गिरविण्याचे कष्ट ज्याचे त्यालाच घ्यावे लागतात; ते घेता यावेत एवढी भाकरी आणि एवढा विश्वास मात्र दुसऱ्या कोणाला तरी पुरवावा लागतो. वसतिगृहात राहून शिकलेल्यांना आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांना तेथे पाठविणाऱ्या आई-वडिलांना हे वेगळे सांगावयास नको. एखादे मूल उशिरा वाटेला लागले, वा दोन-तीन वाटा सोडून परत आले, तर त्याचा हिशेब मांडण्याची घाई आपण करू नये. त्याच्या हाती वही आणि पेन्सिल राहील एवढे पाहावे.