पेटंट म्हणजे गुपित नव्हे

'पेटंट' हा शब्द आपल्या बोलण्यात आता चांगलाच रुळला आहे. झाडपाल्याचा एखादा जाणकार मूळ उगाळून देतो, आणि झाडाचे नाव विचारले की हसून म्हणतो, "ते आमचे पेटंट आहे." म्हणजे काय, तर ते आम्ही कुणाला सांगत नाही.

शब्दाचा हा अर्थ साफ उलटा आहे. आमच्या थोड्याशा लॅटिनचा इथे उपयोग होतो. 'पातेरे' म्हणजे उघडे असणे. राजा जे हुकूम मोहोर न फोडता कुणालाही वाचता यावेत असे काढी, त्यांना 'उघडी पत्रे' म्हणत. त्यातूनच हा शब्द आला. पेटंट हा एक करार आहे. शोध लावणाऱ्याने आपली वस्तू कशी बनते, कशी चालते हे लिहून द्यायचे, आणि तेही असे की त्या धंद्यातल्या दुसऱ्या माणसाला ते वाचून ती बनवता यावी. त्याच्या बदल्यात सरकार त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांपर्यंत त्या वस्तूवर हक्क देते. मुदत संपली की ती सर्वांची. जो लपवतो त्याला पेटंट नाही. जो लिहून देतो त्याला आहे.

आपल्या देशात हा कायदा प्रथम १८५६ साली आला. पहिला अर्ज कलकत्त्याचे इंजिनियर जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांचा, आणि शोध कशाचा, तर पंखा ओढण्याच्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीने ओढत दिवसभर बसणाऱ्या गड्याचे काम यंत्राने करावे, ही कल्पना. पुढे १९११ चा कायदा आला, मग १९७० चा. हा शेवटचा कायदा वेळोवेळी दुरुस्त होऊन आजही चालू आहे.

मराठी माणूस या क्षेत्रात मागे नव्हता. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी लंडनला जाऊन छापखान्याचे खिळे ओतणारे यंत्र तयार केले. जुन्या यंत्रांहून ते कितीतरी वेगाने चाले. त्याला 'भिसोटाइप' म्हणत. रतन टाटांनी त्यांना पैसा पुरवला. पुढे युद्धाच्या काळात तो व्यवहार मोडला. भिसे अमेरिकेला गेले, तिथे त्यांनी आयोडीनचे 'अॅटोमिडीन' नावाचे औषध बाजारात आणले, आणि १९३५ साली न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. 'हिंदुस्थानचे एडिसन' म्हणून त्यांचा गौरव झाला. तरी आज किती मराठी मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव मात्र सर्वांना ठाऊक आहे. बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजाने जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्यापुढचा प्रश्न पेटंटचा नव्हता, विश्वासाचा होता. असो.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. कोयता लागला, ठेच लागली, की आई पहिल्यांदा हळदीच्या डब्याकडे धावते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. क्रमांक ५४०१५०४. शोध कोणता? हळदीची पूड पोटात देऊन व वरून लावून जखम बरी करणे! गंमत म्हणजे शोधकांमध्ये दोघे होते आणि दोघेही मूळचे भारतीयच.

पुष्कळांनी हसण्यावारी नेले असते. पण त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव. परिषदेने १९९६ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज केला आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले.

ते कशामुळे रद्द झाले, हे नीट लक्षात घ्या. "आमच्या आजीला हे ठाऊक होते" एवढे सांगून भागले नाही. पेटंट नव्या गोष्टीला मिळते, आणि गोष्ट जुनी आहे हे त्या कार्यालयाला कागदावर दाखवावे लागते. परिषदेने ३२ लेखी आधार पुढे ठेवले. त्यांत संस्कृतातील जुने उल्लेख होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या मासिकातील १९५३ चा लेख होता. कुणीतरी कधीतरी लिहून ठेवले होते म्हणून हळद वाचली. यावरून शहाणे होऊन सरकारने आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील ज्ञानाचा संगणकावर कोश केला. तो जगातील पेटंट कार्यालयांना पाहता येतो.

पण त्या कोशात ग्रंथांतले ज्ञान आहे. जोयड्याच्या रानात कुणबी म्हातारी जे मूळ ओळखते, ते ग्रंथात नाही. तिच्याबरोबर ते मातीत जाते.

(हळदीचा विषय निघाला म्हणून सांगतो. खरचटले तर हळद ठीक. खोल जखम, गंजलेल्या खिळ्याची जखम किंवा साप चावला असेल तर हळदीवर वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा आणि जखम असेल तर धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारा.)

दुसरी गोष्ट भाताची. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे छोटे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे म्हणजे जेमतेम दीड एकराचे शेतकरी, शिक्षण थोडे. १९८३ साली 'पटेल ३' या भाताच्या शेतात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. हजार लोक त्या शेतातून गेले असते आणि हजारांनीही त्या इतर भाताबरोबर झोडल्या असत्या. यांनी त्या वेगळ्या काढून जपल्या, पुढच्या वर्षी निराळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि असे वर्षानुवर्षे केले. दाणा बारीक, चव चांगली, उतारा चांगला. गावातल्या इतरांनी बी मागून नेले. बाजारात भात आला तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांची मोठी चलती होती, म्हणून व्यापाऱ्याने नाव ठेवले 'एचएमटी'. भात दूरदूरच्या प्रांतांत गेला, पण ज्याने तो निवडला त्याचे नाव पोत्यावर कुठेच नव्हते.

१९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला. आपण तो शुद्ध करून सुधारला, असे विद्यापीठाचे म्हणणे. तेही काम आहे, नाही असे नाही. पण मूळ लोंब्या कुणी वेचल्या, हे ठळकपणे सांगायला काय हरकत होती? राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने हे काम उजेडात आणले आणि २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खोब्रागडे यांचा सत्कार झाला. त्यांनी पुढे आणखी अनेक वाण काढले. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हाही त्यांची गरिबी हटली नव्हती.

आपल्या कायद्याप्रमाणे बियाणे, झाड, प्राणी आणि शेती करण्याची पद्धत यांवर पेटंट मिळत नाही. हे योग्यच आहे असे आम्ही मानतो. वाणांसाठी २००१ साली निराळा कायदा झाला. खोब्रागडे यांनी लोंब्या वेचल्या त्या वेळी तो नव्हता. या कायद्याने शेतकऱ्याला स्वतः निवडलेला किंवा गावाने पिढ्यान् पिढ्या राखलेला वाण आपल्या किंवा गावाच्या नावे नोंदवता येतो. शेतकऱ्याला फी नाही. भातासारख्या पिकाला १५ वर्षे आणि झाडे व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते. शिवाय वाण दुसऱ्या कुणी नोंदवलेला असला तरी शेतकरी त्याचे बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त छापील नावाच्या पिशवीत घालून विकता येत नाही.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. काणगी, कोनफळ, सुरण, मुडली अशी कंदमुळे आणि घरोघरचे भाताचे वाण. कंदांचा मेळावा भरतो तेव्हा शहरातील माणसे थक्क होऊन पाहतात, फोटो काढतात आणि कंद घेऊन जातात. न्यावेत, आनंद आहे. पण तो कंद कुठल्या गावचा, कुणाच्या परसातला, किती वर्षांचा, याची नोंद आपल्याकडे असायला हवी.

तेव्हा एक वही करा. घरातील शिकल्या मुलाला बसवा. वाणाचे नाव, तो कुणाकडून आला, कोणत्या जमिनीत लावतात, किती दिवसांत तयार होतो, कीड लागते की नाही, चवीला कसा, हे तारखेसह लिहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत समिती आणि लोकांचे नोंदपुस्तक असायला हवे. पंचायतीत जाऊन आपला वाण त्यात आहे का ते पाहा. वाणाच्या नोंदणीचा अर्ज दिल्लीच्या वाण संरक्षण प्राधिकरणाकडे जातो, आणि त्यावर पंचायतीच्या जैवविविधता समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याची शिफारस चालते. माहिती शिरसीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल.

कुणी सुपारी सोलण्याचे किंवा कंद खणण्याचे नवे अवजार केले असेल, तर त्याला मात्र पेटंट मिळू शकते. त्याने ते मेळाव्यात मांडण्याआधी, वर्तमानपत्रात फोटो येण्याआधी अर्ज करावा, कारण एकदा उघड झालेली वस्तू 'नवी' राहत नाही. काम अर्धवट असेल तर आधी तात्पुरते विवरण देता येते आणि पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. कर्नाटकाचे अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आहे. तपासणीची फी पुढे निराळी भरावी लागते.