फोन वाजण्याची वाट पाहू नका



गेल्या वेळी आपण रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बोललो. या वेळचा विषय गोळीत मावणारा नाही. आपल्या वयात माणसांची सोबत ही प्रकृतीचीच गोष्ट आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

माझी थोरली बहीण ठाण्याला असते. मी इस्रायलला आले तेव्हा आम्ही एकमेकींना पत्रे लिहीत असू. पुढे फोन स्वस्त झाले आणि दर शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावण्याआधी, मी तिला फोन करू लागले. काही वर्षांपूर्वी तिचे बोलणे तुटक झाले. मी विचारावे, “ताई, जेवलीस का?” आणि तिने म्हणावे, “हो हो, सगळे बरे आहेत.” लगेच “ठेवते गं” म्हणून फोन बंद. मला वाटले, ती रागावली. तिच्या नातवाच्या लग्नाला मला जाता आले नव्हते, तेच तिने मनात धरले असणार. मग मीही मान धरला. दर आठवड्याचा फोन महिन्यावर गेला, नंतर फक्त सणावर आला. अशी दोन वर्षे गेली.

शेवटी भाचीने सांगितले, “मावशी, आईला नीट ऐकूच येत नाही. लाजते, म्हणून कोणाला सांगत नाही.”

मी पस्तीस वर्षे नर्स होते. वॉर्डात एखाद्या रुग्णाने असे भलतेच उत्तर दिले असते, तर मी त्याच दिवशी त्याचे कान तपासायला डॉक्टरांना सांगितले असते. बहिणीच्या बाबतीत मात्र मान आडवा आला.

एकटे राहणे वेगळे, एकटेपणा वेगळा

घरात एकटे राहणारी बाई आनंदात असू शकते आणि भरल्या घरातला माणूस आतून एकटा असू शकतो. शरीराला दुसऱ्याचा त्रास होतो. मन सतत धास्तीत राहिले की झोप उडते, रक्तदाब वाढतो, जेवणावरची वासना जाते, औषधांच्या वेळा चुकतात. २०१० साली १४८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली. हा प्रश्न आता सरकारेही गंभीरपणे घेतात. ब्रिटनने २०१८ साली एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो.

देशोदेशीचे म्हातारपण

पन्नाशीपुढच्या माणसांची एक मोठी पाहणी युरोपात २००४ पासून चालू आहे. ‘शेअर’ हे तिचे नाव. आपला इस्रायलही तीत सामील आहे. इटली, स्पेन, ग्रीस या देशांत म्हातारी माणसे मुलांबरोबर किंवा जवळपास राहतात, मुले वरचेवर भेटतात. डेन्मार्क, स्वीडनमध्ये पुष्कळ जण एकटे राहतात. तुम्हाला वाटेल, एकटेपणा उत्तरेकडे जास्त असेल. पण अशा पाहण्यांत तो दक्षिणेकडेच जास्त आढळतो.

याची कारणे एकाहून अधिक आहेत. प्रकृती आणि पैसा ही त्यातली दोन. तिसरे कारण अपेक्षेचे. जिथे सगळी आशा मुलांवर असते, तिथे मुलगा एक दिवस आला नाही तरी मन खट्टू होते. उत्तरेकडची माणसे स्वतःचे मित्र, मंडळे, ठरलेले कार्यक्रम सांभाळतात. मुले आली तर आनंदच, पण दिवस त्यांच्यावाचून अडत नाही.

आता आपल्याकडे पाहा. आपल्यातले कितीतरी जण मुंबईच्या चाळीत वाढले, जिथे दार दिवसभर उघडे असे. मग दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेवाच्या इमारतींत आलो. मुले कामासाठी दुसऱ्या शहरांत गेली. काही नातलग ठाण्यात, काही कोकणात, काही इंग्लंड-कॅनडात. शुक्रवारी रात्री टेबल भरलेले असते, पण नातवंडे भरभर हिब्रू बोलतात आणि आजी कोपऱ्यात नुसती हसत बसते. प्रेम कमी नसते. तिच्या भाषेत, तिच्या काळाविषयी बोलणारे कोणी नसते एवढेच. म्हणून मुलेबाळे हवीतच, पण त्यांच्या जोडीला आपल्या वयाचे आणि आपल्या भाषेचे निदान एक माणूस हवे.

कानाकडे लक्ष द्या

वयाबरोबर आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ अशी अक्षरे निसटतात. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, म्हणून तिथे फार अडते. मग माणूस फोन टाळतो, लग्नकार्य टाळतो, आणि लोक म्हणतात, “हल्ली फार तुसडी झाली.” कमी ऐकू येणे आणि माणसांपासून तुटणे या दोन्हींचा समावेश स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत होतो. या दोन्हींवर उपाय करता येतो.

टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, “आं?” वारंवार म्हणावे लागत असेल, गर्दीत बोलणे कळत नसेल, तर आपल्या कुपत खोलीमच्या डॉक्टरांना सांगून कान तपासून घ्या. कधी नुसता मळ साठलेला असतो. पिन किंवा काडी मात्र कानात घालू नका.

एवढे करून पाहा

१. रोज एका माणसाशी, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे बोला. फोन तुम्हीच लावा.

२. भारतातली वेळ आपल्यापुढे उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास असते. आपल्या संध्याकाळी पाचला तिकडे उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात.

३. समोरच्याला कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. सावकाश, छोट्या वाक्यांत बोला. व्हिडिओवर बोललात तर ओठ दिसतात.

४. आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर माणसांत जा. सिनेगॉग, ज्येष्ठांचा मोआदोन, कोणाकडचा मलिदा. बोलावणे आले तर “कशाला त्रास” म्हणू नका.

५. नातवंडाला एक काम सांगा. आजीकडून चिक-चा-हलवा शिकणे असो की जुन्या फोटोंतली नावे लिहून घेणे असो. हाताला काम असले की भाषेचे अडत नाही.

६. कोणी अचानक बोलेनासे झाले तर राग धरण्याआधी चौकशी करा. कान, डोळे, गुडघे, पैसा, काहीही असू शकते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप-जेवण गेले, जगणे नकोसे वाटू लागले, तर “म्हातारपण आहे” म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर उपचार आहेत.

माझ्या बहिणीला भाचीने कानाचे यंत्र बसवून दिले. सवय व्हायला दोन-तीन महिने लागले. पहिल्यांदा तिने ते सारखे काढून ठेवले, मग हळूहळू घालू लागली. एका शुक्रवारी तिचाच फोन आला. थोडा वेळ माझे ऐकून ती म्हणाली, “अगं, तुझा आवाज किती म्हातारा झालाय!” आम्ही दोघी खूप हसलो, आणि नंतर मी थोडी रडले. ती दोन वर्षे आता परत येत नाहीत.

तुमच्याही मनात आत्ता एखादे नाव आले असेल. अंक बाजूला ठेवा आणि त्यांना फोन लावा.