एका माणसाच्या औषधाला इतके देश कशाला?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये असतो. मध्यंतरी तिथे त्याची जनुकीय तपासणी झाली आणि कोणत्या औषधाचा डोस त्याला बदलून द्यावा लागेल, याची यादीच त्याच्या हाती आली. याला 'पर्सनलाइज्ड मेडिसीन' म्हणतात आणि त्यासाठी युरोपातले देश एकत्र येऊन काम करताहेत, असं तो सांगतो. मला कोडं पडलं ते असं : औषध एका माणसापुरतं ठरवायचं, तर त्यासाठी इतक्या देशांनी एकत्र यायची गरज काय? ते देश श्रीमंत आहेत, त्यांच्याकडे उत्तम इस्पितळं आहेत. ज्याचं त्याने का करू नये?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : कारण औषध एका माणसाला जितकं नेमकं बसवायचं, तितकी अनोळखी माणसं त्यासाठी जास्त लागतात. हे उलटं वाटेल, म्हणून एक औषध घेऊन बघू.

फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगावरचं जुनं औषध. आतड्याच्या कर्करोगात ते फार वापरलं जातं. त्याच जातीची कॅपेसिटाबिनची गोळी आपल्याकडेही सर्रास दिली जाते. शरीरात गेलेलं हे औषध मोडून बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः यकृतातलं डीपीडी नावाचं एन्झाइम करतं. काही माणसांत जनुकातल्या फरकामुळे हे एन्झाइम कमी असतं, क्वचित अजिबात नसतं. अशा रुग्णाला नेहमीचा डोस दिला, तर औषध अंगात साचत जातं. तोंड सोलवटतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि रुग्ण दगावूही शकतो. ज्या औषधाने वाचायचं, त्यानेच जीव जावा, याहून वाईट काय? युरोपीय औषध संस्थेच्या माहितीनुसार, युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ९ टक्क्यांपर्यंत लोकांत हे एन्झाइम कमी असतं, तर ०.५ टक्क्यापर्यंत लोकांत मुळीच नसतं. म्हणून २०२० मध्ये या संस्थेने सांगितलं, की आधी तपासा, मग औषध द्या.

आता हिशोब करा. ०.५ टक्का म्हणजे दोनशे माणसांत एक. एखाद्या लहानशा प्रांतातल्या कर्करोगतज्ज्ञाला असा रुग्ण कधीतरीच दिसणार. त्या एकावरून कोणत्या जनुकीय फरकाला किती डोस द्यायचा, हे कसं ठरवणार? काही फरक तर याहून कितीतरी दुर्मिळ. अनेक देशांतल्या अशा थोड्याथोडक्यांची नोंद एका जागी ताडून पाहता आली, तरच डोसाचा आकडा हाती लागतो. तुमच्या मुलाच्या यादीतली एकेक ओळ अशीच, त्याने कधीही न पाहिलेल्या माणसांच्या आजारपणातून आलेली आहे.

एकत्र येण्याने काय साधतं, याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण नेदरलँड्समधल्याच लायडन विद्यापीठाच्या रुग्णालयाचं. त्यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रिया, ग्रीस, इटली, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया, स्पेन आणि ब्रिटन या सात देशांत जवळजवळ ७,००० रुग्णांवर एक अभ्यास झाला. १२ जनुकं आधीच तपासून त्यानुसार औषध दिलं, तर दुष्परिणाम कमी होतात का, एवढा साधा प्रश्न होता. काही देशांनी आधी नेहमीच्या पद्धतीने औषधं दिली, काहींनी तपासणी करून. ठरावीक काळाने अदलाबदल केली. तपासलेल्या रुग्णांना खिशात ठेवायला एक छोटं कार्ड मिळालं, म्हणजे कुठल्याही डॉक्टरला किंवा औषध दुकानदाराला ते दाखवता यावं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या जनुकांमुळे औषध बदलण्याची गरज होती, त्यांच्यात नेहमीच्या पद्धतीत २७.७ टक्क्यांना लक्षणीय दुष्परिणाम झाले होते; तपासून औषध दिल्यावर ते प्रमाण २१ टक्क्यांवर आलं. ग्रीसमध्ये चालतं आणि ऑस्ट्रियातही चालतं, हे एकाच अभ्यासात दिसलं, म्हणून मला या आकड्यांचं मोल मोठं वाटतं. एका नामांकित इस्पितळात जमलेली गोष्ट इतरत्र जमतेच असं नाही.

मग अडतं कुठे? विज्ञानापेक्षा कारभारात जास्त. आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, तसंच युरोपीय संघातही आरोग्यसेवा चालवणं हे ज्या त्या देशाचं काम आहे. देशांतही पुन्हा वाटण्या आहेतच : स्पेनमध्ये १७ स्वायत्त प्रांत आपापली आरोग्यसेवा चालवतात, स्वीडनमध्ये २१ विभाग, इटलीत प्रदेश. म्हणजे पैसा कोणत्या तपासणीला द्यायचा, नोंदी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या, हे अनेकदा प्रांताच्या पातळीवर ठरतं. डीपीडीचंच बघा. फ्रान्समध्ये त्यासाठी रक्तातल्या युरॅसिलची पातळी मोजतात, नेदरलँड्समध्ये जनुक तपासतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण एकाचा अहवाल दुसऱ्याला सरळ वाचता येत नाही. त्यामुळे राजधान्यांनी करार करून भागत नाही, प्रांतांनीही एकमेकांशी बोलावं लागतं. स्वीडनमध्ये विद्यापीठ-रुग्णालयं असलेले सात विभाग 'जिनॉमिक मेडिसीन स्वीडन' या नावाखाली एकत्र आले, ते याचसाठी.

माहिती द्यायची कशी, ही दुसरी अडचण. जनुकीय नोंद म्हणजे माणसाचा सर्वांत खासगी कागद. त्यात त्याच्या भावंडांचं आणि मुलांचंही गुपित असतं. ती सीमेपलीकडे पाठवायला कोणीही कचरणारच आणि कचरावंच. एप्रिल २०१८ मध्ये १३ देशांनी दहा लाखांहून अधिक जनुकसंचांपर्यंत संशोधकांना पोहोचता यावं, असा करार केला. पुढे आणखी देश आले. त्यातली कल्पना मला फार आवडते : नोंदी ज्या देशाच्या त्याच देशात राहतील, प्रश्न मात्र सगळीकडे फिरेल. पूर्वी सोनाराला घरी बसवून दागिने घडवून घेत, सोनं उंबऱ्याबाहेर जात नसे, तसंच हे. त्याला कायद्याचं बळ देणारा युरोपीय आरोग्य-माहितीचा कायदा मार्च २०२५ मध्ये अंमलात आला. संशोधनासाठी माझी नोंद वापरू नका, असं सांगण्याचा हक्क त्यात नागरिकाला आहे. विम्याचा हप्ता वाढवायला किंवा जाहिरातीसाठी नोंदी वापरायला मनाई आहे. मात्र तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. रुग्णाचा सारांश आणि डॉक्टरची चिठ्ठी देशादेशांत वाचता येण्यासाठी २०२९ ही मुदत आहे.

दुर्मिळ आजारांत तर सहकार्याशिवाय गत्यंतरच नाही. दोन हजारांत एकाहून कमी लोकांना होणारा आजार युरोपात दुर्मिळ मानतात. २०१७ पासून तिथे अशा आजारांसाठी तज्ज्ञांची २४ जाळी काम करताहेत. आजारी लेकराला घेऊन आईबापांनी देशोदेशी फिरण्याऐवजी त्याचे कागद तज्ज्ञांपर्यंत पोहोचावेत, हा त्यामागचा विचार. ज्यांच्या आजाराला वर्षानुवर्षं नावच सापडलं नव्हतं, अशा सुमारे ६,००० कुटुंबांच्या जुन्या जनुकीय नोंदी 'सॉल्व्ह-आरडी' या प्रकल्पात पुन्हा एकत्र तपासल्या गेल्या. ५०६ कुटुंबांना निदान मिळालं. आकडा लहान वाटेल. पण आपल्या मुलाला काय झालंय हे कळण्यासाठी वर्षं घालवलेल्या आईला विचारून पाहा.

आता तुमच्या मुलाबद्दल. वर सांगितलेल्या अभ्यासातली १२ जनुकं मुख्यतः युरोपीय लोकांत काय आढळतं ते पाहून निवडलेली होती. अझाथायोप्रिन हे औषध आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेवर आणि मूत्रपिंड-रोपणानंतर देतात. ते कोणाला झेपणार नाही, हे ओळखायला युरोपात टीपीएमटी हे जनुक तपासतात आणि ते त्या बारांत होतं. पण पूर्व आशियाई लोकांत, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांतही, त्याच औषधाने पांढऱ्या पेशी कोसळण्याचं महत्त्वाचं कारण एनयूडीटी-१५ हे वेगळंच जनुक असतं. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यातला हा दोष विरळा, म्हणून ते त्या बारांत नव्हतं. सात देशांची माहिती एकत्र केली तरी आठव्या ठिकाणचा माणूस सुटू शकतो, तो असा. भारतात १०,००० माणसांचे जनुकसंच वाचून झाले आहेत आणि फरिदाबादच्या केंद्रात ते संशोधकांना उपलब्ध आहेत. युरोपातल्या आणि आपल्या नोंदी कधीतरी शेजारी ठेवून पाहाव्या लागतील, कारण तुमच्या मुलासारखी लाखो माणसं आज तिथे औषधं घेत आहेत.

तोवर त्याला ती यादी जपून ठेवायला सांगा आणि तिची एक प्रत तुमच्याकडेही ठेवा. सुट्टीत इकडे आल्यावर आजारी पडला, तर इथल्या डॉक्टरला दाखवता येईल. आणि कधी अझाथायोप्रिन सुरू करायची वेळ आलीच, तर एनयूडीटी-१५ तपासलं आहे का, एवढं त्याने पहिली गोळी घेण्याआधी विचारावं.